विंगेतले आप्पा

आप्पांचा आवाज ज्याला हवा त्यालाच ऐकू यायचा. रंगमंचावर उभ्या असलेल्या माणसाला तो स्पष्ट ऐकू यायचा आणि पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांना अजिबात नाही. लातुरात नाटक करणारी चार-पाच मंडळं होती. त्यांचं एकमेकांशी पटत नसे, पण प्रॉम्प्टर सगळ्यांचा एकच. विंगेत लाकडी स्टुलावर बसून, मांडीवर संहिता उघडून, ते अख्खं नाटक पात्रांच्या अर्धा श्वास आधी म्हणत राहायचे. सगळे त्यांना पुस्तक आप्पा म्हणत. खरं नाव त्यांच्या कापडाच्या दुकानाच्या पाटीवर होतं, आणि ती पाटी उन्हानं पार उडून गेली होती.

जिल्हा नवा झाला त्या सुमाराला मी नांदेडहून लातूरच्या कचेरीत कारकून म्हणून आले. मूळची मुदखेडची, पण नाटकाचं वेड नांदेडात लागलेलं. कचेरी इतकी नवी की खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. पाऊस मात्र सलग दुसऱ्या वर्षी गेलेला. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. मी थोरल्या भावाकडे, दादाकडे राहत होते आणि वहिनीला दिवस गेलेले, त्यामुळे टँकरची रांग माझ्याकडे. त्या वैतागात एकदा ब्लाउजचं कापड घ्यायला आप्पांच्या दुकानात गेले आणि तोंडाला येईल ते बोलून मोकळी झाले, की या गावात पाणी नाही आणि कलाही नाही. आप्पांच्या हातातली कात्री तिथंच थांबली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगायतांची रुपेरी डबी, त्यात लिंग. माझ्याकडे बघून म्हणाले, "पाण्याचं म्या काय सांगावं? दुसरं दाखवतो. रविवारी या, बाई."

रविवारी गेले तर ते बायकोला घेऊन तयार. तरण्या पोरीला घेऊन म्हातारा एकटा हिंडला तर गाव काय म्हणेल, हा त्यांचा हिशेब. त्या अक्का मात्र पूर्ण वेळ आमच्यापुढे दहा पावलं चालत होत्या, जणू आमचा त्यांचा काही संबंध नाही. आप्पांनी मला आधी गोलाई बाजाराजवळच्या पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं, मग मठात भजनाला, मग दर्ग्यात कव्वालीला. प्रत्येक ठिकाणी मी समोर बसायला जायची आणि ते मला बाजूला ओढायचे. कव्वालाचं तोंड दिसायच्या ऐवजी मला त्याच्या मागं बसून टाळ्या वाजवणाऱ्यांचे तळवे दिसले. तांबडेलाल झाले होते.

"कार्येक्रम समोरनं समद्यांनाच दिसतोय," आप्पा म्हणाले. "बाजूनं बघा. कोण कुणाला धरून हाय ते कळतं."

त्यानंतरचे कितीतरी रविवार असे गेले. शाहिराची तालीम, मुशायरा, बँडवाल्यांचा सराव, सगळं मी बाजूनं पाहिलं. पण मला सगळ्यात आवडला तो पाट्या रंगवणारा पेंटर. जिल्हा बदलल्यामुळं गावातल्या सगळ्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहायचं काम त्याच्याकडे आलं होतं. आता उस्मानाबादच्या जागेत लातूर लिहिलं की शेवटी दोन अक्षरांची जागा उरते. तिथं हा गडी एक लहानसं फूल काढायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नाही. त्या वर्षी गावात हिरवं असं काही नव्हतं, पण दवाखान्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत प्रत्येक पाटीवर देठासकट फूल होतं. आप्पांना ते फार आवडे. "बघा, जागा रिकामी ठिवली न्हाई त्यानं," म्हणायचे.

आप्पांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. घरात कानडी, दुकानात मराठी आणि लिहायचं झालं की उर्दू. त्यामुळं संहितेतली छापील मराठी डावीकडून उजवीकडं जायची आणि समासातल्या आप्पांच्या खुणा उजवीकडून डावीकडं यायच्या. आप्पा आजारी पडले की नाटक पुढं ढकलावं लागे, कारण त्यांच्या पुस्तकातल्या खुणा मंडळींत दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हत्या. काही मंडळी म्हणत, म्हाताऱ्यानं मुद्दाम आपली जागा पक्की करून ठेवली आहे.

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे एक कानडी शब्द. 'साकू'. म्हणजे पुरे. नट भान सोडून रडायला लागला, ओरडायला लागला, की विंगेतून हलकेच 'साकू' यायचं. पुढं मीही एका मंडळात कामं करू लागले. तिथल्या एका ऐतिहासिक नाटकात आमचे राजे मरता मरेनात. एकदा कोसळले, पुन्हा उठले, पुन्हा कोसळले. आप्पांनी दोनदा 'साकू' म्हटलं. राजे पुण्याकडचे, नवीन बदलून आलेले, त्यांना वाटलं वाक्यच आलं. त्यांनी हात वर करून, डोळे फिरवून, "साकू! साकू!" असा टाहो फोडला आणि प्राण सोडला. गावातल्या साप्ताहिकात परीक्षण आलं: अंतिम क्षणी राजाने आपल्या इमानी घोड्याला मारलेली हाक प्रेक्षकांना हेलावून गेली. आप्पांनी ते कात्रण बरीच वर्षं गल्ल्याजवळ चिकटवून ठेवलं होतं.

स्वतःच्या कामात मात्र त्यांना थट्टा चालत नसे. लेखकाच्या वाक्यातला काना बदललेला त्यांना खपत नव्हता. एकदा एका नटानं 'परंतु'च्या जागी 'पण' म्हटलं तर आप्पांनी मध्यंतरात त्याला गाठलं. "लेखक हितं न्हाई. त्याच्या माघारी त्याचं राखायचं काम माझं हाय," एवढंच बोलले.

आता त्या प्रयोगाकडे यायला हवं. नाट्यस्पर्धेचं केंद्र पहिल्यांदाच लातूरला मिळालं होतं. त्याआधी आमच्या मंडळींना परगावी जावं लागे. आमचं नाटक बसवत होते ते कॉलेजातले सर. नाटक शहरातल्या एका कुटुंबाचं, त्यातली बायको मी. दादानं परवानगी दिली होती, पण एका अटीवर: "नाटक कर. पर तुझ्या नावानं कुनी बोट दाखवलं की त्याच दिशी बंद." दादा बोलेल ते करणारा माणूस. मला तर नाटकाशिवाय दुसरं काही नको होतं. ते गेलं असतं तर कचेरी, टँकर आणि लग्न, एवढंच उरलं असतं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी माझं वाक्य होतं, 'या चार भिंतींत माझं अस्तित्व विरून गेलंय.' चार तालमी झाल्या आणि चारही वेळा मी 'अस्तित्व'पाशी अडकले. सर वैतागायचे. "नांदेडचा न्हाई-व्हई घरी ठेवून या," म्हणायचे. आप्पा विंगेतून शब्द द्यायचे, मी तो म्हणायची, आणि तो माझ्या तोंडात खड्यासारखा वाजायचा.

प्रयोगाच्या दिवशी टँकर पहाटे येणार होता, तो आला भर दुपारी. रांग सोडता येत नव्हती. तिथून घरी, घरून धावत मंडपात. प्रेक्षकांत बायकांची बाजू गच्च भरली होती आणि त्यातल्या कितीतरी मी दुपारी रांगेत पाहिल्या होत्या. दुसरा अंक संपत आला. मी 'या चार भिंतींत' म्हटलं आणि पुढं कोरं. विंगेतून शब्द येईल म्हणून कान दिला. आप्पा नेहमी लगेच द्यायचे. त्या दिवशी त्यांनी एक क्षण जाऊ दिला. मग त्यांचा आवाज आला, नेहमीइतकाच हलका:

"दिवसभर उभीच हाय मी. मला बी बसू द्या की जरा."

मी तेच म्हटलं. त्याच हेलात म्हटलं. आणि म्हटल्यावर उभं राहणंच शक्य नव्हतं, म्हणून रंगमंचावर मधोमध जमिनीवर बसले. नवऱ्याचं काम करणारा देशपांडे हातातला पेपर तसाच धरून उभा. मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बस माय, बस." आणि पडदा पडला.

टाळ्या किती वेळ चालल्या ते मला आठवत नाही. परीक्षकांची चिठ्ठी आठवते. संहितेत परवानगीशिवाय बदल केल्याबद्दल खुलासा मागितला होता आणि खाली 'उच्चार ग्रामीण' असा शेरा. नाटक बाद व्हायची पाळी. रंगपटात सर माझ्यावर कडाडले, "हे वाक्य कुठून आणलंत?" दादा दारात उभा होता. तेवढ्यात आप्पा पुस्तक काखेत मारून आत आले.

"सर, चूक माझी," ते म्हणाले. "दोन पानं एकदम उलटली. घाबरून तोंडाला आलं ते दिलं. बाईनी म्या दिलं तेच म्हटलं. प्रॉम्टर देतो ते म्हनायचं, ही तुमचीच शिकवन हाय की. आता डोळं ऱ्हाईलं न्हाईत. दुसरा माणूस बघा."

तसा खुलासा लिहून दिला गेला आणि आमचं नाटक बाद झालं नाही. बक्षीसही मिळालं नाही. दादा वाटेत एवढंच म्हणाला, "म्हाताऱ्यानं घोळ घातला." दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत एका अनोळखी बाईनं आपलं घमेलं पालथं घालून माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "बस." मी बसले. पण रंगपटात मी गप्प राहिले होते. ते वाक्य म्हणताना मला बरं वाटलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर खरं बोलल्यासारखं वाटलं होतं, हे मी सांगू शकले असते. एका शब्दानं सांगितलं नाही. ते आजही टोचतं.

आप्पा पुन्हा विंगेत बसले नाहीत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांत एकही चूक न केलेला माणूस, पण गावात बोलबाला त्या एका चुकीचाच झाला. मी दुकानात जायची, विषय काढायची, ते कापड मोजायचा गज उचलून म्हणायचे, "अस्तर किती द्यायचं?" नाटकाला मात्र येत. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मी स्टेजवरून पाहिलं आहे, त्यांचे ओठ हलत असायचे. मला पुढं खूप कामं मिळाली. दादानं कधी अडवलं नाही.

आप्पा गेले तेव्हा मी किनवटला बदलीवर होते, निरोप उशिरा पोचला. पुढं लातूरला परत आल्यावर त्यांच्या सूनबाई घरी आल्या. दुकानातल्या मांजरपाटात गुंडाळलेलं एक पुस्तक हातात देऊन म्हणाल्या, "मामंजी सांगून गेले होते. हे बाईंना द्या म्हणून." तीच संहिता होती. समासात सगळीकडं उर्दू. मला एक अक्षर लागेना.

आमच्या गल्लीत उर्दू शाळेचे एक निवृत्त मास्तर राहत. त्यांच्याकडे नेली. त्यांनी चष्मा लावला आणि हसले. "बाई, अक्षर उर्दू है, लेकिन जुबान तुम्हारीच है." खुणा मराठीत होत्या, फक्त लिपी उर्दू. मास्तर एकेक शब्द जोडून वाचायला लागले. पहिल्या अंकात माझ्या जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढं 'साकू' होतं. मला हसू आलं. मग दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान आलं. मास्तरांनी बोट ठेवून, अडखळत, हलक्या आवाजात वाचलं:

"हितं बाई अडकती. चार तालमी अडकली. चूक तिची न्हाई, शब्द तिचा न्हाई. परयोगात अडकली तर तिचंच वाक्य तिला द्यावं. सोमवारी तालमीला आली तवा दारात म्हनली व्हती." आणि पुढं ते वाक्य. दिवसभर उभीच हाय मी. मला बी बसू द्या की जरा.

मला तो सोमवार आठवला. टँकरच्या रांगेतून, कचेरीतून, थेट तालमीला आले होते. दारात आप्पा भेटले, त्यांना मी तसं म्हटलं होतं आणि त्यांनी आपलं स्टूल माझ्यापुढं केलं होतं. मी विसरून गेले होते. पानं उलटली नव्हती. डोळेही चांगले होते. काना बदलू न देणाऱ्या माणसानं हे आधी लिहून ठेवलं होतं, पुरतं कळून-सवरून ठरवलं होतं, आणि मग सगळ्यांसमोर चूक म्हणून आपल्या अंगावर घेतलं होतं.

"खाली आणखी एक शब्द आहे," मास्तर म्हणाले. "शाई वेगळी आहे. नंतर लिहिलेला दिसतो." त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "बसली. एवढंच आहे. कोण बसली, बाई?"

मी म्हटलं, "मी."