अर्थिंगचा महादेव

आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापसाच्या गंजीमागं एक छोटं देऊळ आहे. त्यातला देव चन्नप्पानं बसवला आणि उठवलाही त्यानंच. मी वजनकाट्यावर बसतो, खिडकीतून ते देऊळ समोरच दिसतं. त्यामुळं पारावर बसून लोक जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, हे आधीच सांगून टाकतो.

चन्नप्पा आमचा वायरमन, राहणार युसूफ वडगाव. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, खिशात टेस्टर. विजेच्या बाबतीत इतका कटकट्या की त्याला येताना पाहून माणसं वाट बदलायची. कुणी ओल्या हातानं बटण दाबलं की त्याच्या सात पिढ्या काढायचा. मशीन उघडायचं असलं की मेन स्विच पाडून त्याला स्वतःचं कुलूप घालायचा आणि किल्ली गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याला बांधायचा. "माजा देव आन् माजा जीव एकाच दोऱ्यात," म्हणायचा.

गंजीमागं अर्थिंगचा खड्डा होता. जमिनीत लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. मशीनच्या अंगात चुकून वीज उतरली तर ती माणसाला न शिवता या वाटेनं जमिनीत जावी, एवढंच त्याचं काम. पण त्यासाठी जमीन ओली लागते. रोज पाणी घाला म्हणून चन्नप्पानं घसा कोरडा केला, पोरं तिथं गुटखा थुंकायची. मग एका सोमवारी त्यानं पाइपाला तीन बोटं भस्म ओढलं, वर बेलाचं पान ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "ह्यो जिनाचा महादेव. ह्याला तहान लागू देऊ नका." दुसऱ्या दिवसापासून कापूस वेचून साफ करणाऱ्या बाया तांब्या घेऊन हजर! मी पोट धरून हसलो होतो.

पुढं एकदा मशीनच्या पत्र्यात वीज उतरली. त्या बायांतल्या बायडाबाईचा हात पत्र्यावरच होता, पण फ्यूज उडाला आणि ती वाचली. महादेवानं वाचवलं, असा गलका झाला. चन्नप्पाला विचारलं, तर तोही म्हणाला, "त्यानंच." तिथंच तो फसला.

आमचे मालक अमरसिंह भैया. निवडणूक तोंडावर होती आणि भैयांना माणसं जमलेली आवडतात. त्यांनी खड्ड्यावर काँक्रीट ओतलं, वर छोटं देऊळ बांधून संगमरवरी पिंड बसवली, पाइपाच्या टोकाला पितळी नाग बोल्टानं कसला. पिंडीवरचं पाणी पन्हाळीतून थेट भिंतीबाहेर. वर अभिषेक आणि खाली माती ठणठणीत कोरडी. चन्नप्पा आडवा आला. भैया म्हणाले, "आप्पा, देव काय खड्ड्यात ठिवायचा असतो व्हय?"

पौषात देव जागा झाला.

बायडाबाईनं नागाच्या फण्याला हात लावला आणि किंचाळली, "देव हाताला लागतोय!" मग रांगच लागली. मीही गेलो. चप्पल काढली, पाय धुतले, फण्यावर बोट टेकलं. बोटातून कोपरापर्यंत काहीतरी सरसरत चढलं, जसं आत कुणीतरी जागं होतं आणि माझीच वाट पाहत होतं. मी भ्यालो. आवारातली कुत्री त्या ओल्या फरशीला वळसा घालून जायची. नांदूरघाटहून बाया यायच्या, फण्यावर हात ठेवून डोळे मिटायच्या आणि थरथरत बाहेर पडायच्या. चन्नप्पा फण्याला टेस्टर लावून दाखवायचा, त्यातला दिवा लाल पेटायचा. बाया त्या दिव्यालाही हात जोडायच्या.

"आरं, करंट हाय त्यो!" तो ओरडायचा. "उंदरांनी वायरी कुरतडल्यात. जिमीन कोरडी, करंटाला वाट न्हाई, म्हनून तुमच्या अंगातनं जातोय. आज मुंग्या येत्यात, उद्या मुडदा पडंल."

सटवा हमालानं एकदा शांतपणे विचारलं, "आप्पा, महादेव हाय म्हनून तुमीच सांगितलं हुतं. तवा खोटं बोलला का आता?"

चन्नप्पानं टेस्टर खिशात टाकला आणि चालू लागला. मला त्याची फार कीव आली.

पण त्याला खरा घोर होता घरचा. त्याची बायको उमाबाई. त्यांची रुद्राणी चार वर्षांची असताना तापानं गेली, शेताच्या बांधाशी तिला पुरलंय. तेव्हापासून उमाबाई कामापुरतं बोलायची. ती एक दिवस देवळात आली, फण्यावर एक बोट ठेवलं आणि उभीच राहिली. जाताना माझ्या खिडकीशी थांबली. हसत होती.

"रुद्रीनं बोट धरलं माजं," म्हणाली. "ती अशीच धरायची. घट्ट न्हाई, नुस्तं थरथरत."

मग ती रोज येऊ लागली. चन्नप्पानं घरी तिला सगळं समजावलं, पाया पडला. ती ऐकून घ्यायची आणि तांब्या भरून निघायची.

महाशिवरात्रीला भैयांनी पाण्याचा टँकर मागवला. घागरींनी अभिषेक, सगळी फरशी ओली, शेकडो माणसं अनवाणी. चन्नप्पानं एक दिवस मशीन बंद ठेवा म्हणून हात जोडले. भैया नाही म्हणाले. मशीन थांबलं की देव गप्प होतो, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं.

त्या सकाळी रांगेत सगळ्यात पुढं उमाबाई होती. पहिली घागर उचलली गेली आणि चन्नप्पानं मेन स्विच पाडला. कुलूप घातलं, किल्ली दोऱ्याला बांधली. मशीनं कण्हत कण्हत थांबली. हवेत कापसाचे तंतू तरंगत राहिले आणि इतकी शांतता झाली की पन्हाळीतलं पाणी ऐकू येऊ लागलं.

माणसांनी फण्याला हात लावून पाहिला. काही नाही. "आप्पानं देव घालवला!" कुणीतरी ओरडलं. घोळका चन्नप्पाभोवती आवळत गेला. भैयांनी किल्ली मागितली, तो हलला नाही. सटवानं त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला आणि बोटांना लिंग लागताच चटका बसल्यासारखा मागं घेतला. ते तोडायची कुणाची छाती होईना.

तेव्हा बायडाबाई म्हणाली, "उमाबाईला इचारा. रोज हात लावती ती. देव हाय म्हनली तर कुलूप फोडा."

उमाबाई पुढं झाली. बोट फण्यावर टेकलं. चन्नप्पानं टेस्टर लावला, दिवा काळाच राहिला. मी खिडकी सोडून दारात आलो होतो, मला तिचा चेहरा दिसत होता. ती हसत होती. रोजच्यासारखी. ओठ हलत होते, कुणाला तरी हळू काही सांगितल्यासारखे. मग तिनं वळून त्या अनवाणी, भिजलेल्या माणसांकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि चेहरा पुसून घेतल्यासारखा कोरडा केला.

"न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "कायबी न्हाई. नुस्तं पितळ हाय."

गर्दी विरली. भैया शिव्या देत गाडीत बसले. चन्नप्पानं पहार आणली आणि रडत रडत काँक्रीट फोडलं. वायरी बदलल्या, खड्ड्यात पुन्हा पाणी पडू लागलं. आता त्या नागाला कुणीही हात लावावा, गार लागतो.

पण त्या दिवशीची उमाबाई माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. फण्यावरून तिनं हात उचलला, पण बोट सरळ केलं नाही. एका अंगाला किंचित वाकून, अगदी लहान पावलं टाकत ती फाटकाकडं निघाली. वाटेत माझ्या वजनकाट्याचा उंच चौथरा लागतो. तिथं ती थांबली, हात जरासा वर उचलून धरला, आणि चार वर्षांच्या पोरीला वर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभी राहिली. मग दोघी पुढं गेल्या.