खडकीच्या नानांचं दुखणं

सकाळची एसटी जालन्याहून निघाली तेव्हा मी खुशीत होतो, हे आधीच कबूल करतो. पुण्यात नाना शेवटच्या दुखण्यात होते आणि मी जत्रेला निघाल्यासारखा नवा सदरा घालून खिडकीशी बसलो होतो.

नाना म्हणजे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले माझे उस्ताद. तरुणपणी मी तिथे शिकाऊ होतो. आठवडाभर ते लेथवर पितळ कातायला शिकवायचे आणि रविवारी आपल्या दोन खोल्यांत अष्टावक्र (आठ ठिकाणी वाकडं शरीर घेऊन जन्मलेले ऋषी, तू म्हणजे हा देह नव्हे, असं त्यांनी जनक राजाला सांगितलं). "हातोडा पितळेवर पडतो. बघणाऱ्याला लागतो का?" नाना विचारायचे. अद्वैत मला तेवढंच कळलं, पण त्यावर माझं आजवर भागलं.

महिन्यापूर्वी फोनवर त्यांचा व्हिडिओ आला. कॅन्सर हाडांत पसरलेला आणि नाना हसून म्हणताहेत, "दुखणं देहाला आहे. मी नुसता बघत बसलोय." मी तो दिसेल त्याला पाठवला. असा माणूस जाण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावा, म्हणून हा प्रवास.

वाकडेवाडीला उतरून आधी मंडई गाठली, कारण नानांना अंजीर आवडायचं. टोपलीतलं एक जरा दाबून बघितलं तर विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, अंजीर आहे ते, दाराची बेल नाही." पुणं अजून तेच आहे, या समाधानात रिक्षाने खडकीला आलो.

स्टेशनच्या मागे नानांची इमारत. काकूंनी दार उघडलं, हातातला अंजिरांचा पुडा बघितला आणि म्हणाल्या, "त्यांना आता घोटभर पाणी गिळायला पाच मिनिटं लागतात." मग मला खिचडी वाढली. नानांसाठी केलेली. "रोज उरते," त्या म्हणाल्या.

दोन घास खाल्ले असतील, आतून आवाज आला. मला वाटलं, कुणी जड कपाट फरशीवरून ओढतंय. तो नानांचा आवाज होता.

ते कुशीवर होते, गुडघे पोटाशी, चादरीचं टोक दातांत. मला पाहून त्यांनी चादर सोडली आणि हसले. "दिगंबर. ये, बैस." व्हिडिओतलं हसू हेच होतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

स्वयंपाकघरात काकू हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्यात. पाकीट अजून फोडलेलं नाही. रोज पाचला मंडळी येतात, यांना बघत बसतात. हे म्हणतात, मी गोळी घेतली तर त्यांनी इतकी वर्षं ऐकलं ते काय? तू सांगून बघ बाबा."

मी पलंगाशी बसलो. वेदान्तातलं काही सुचेना. शेवटी म्हणालो, "नाना, माझं बोट लेथमध्ये सापडलं, तेव्हा तुम्ही मला अष्टावक्र नव्हता सांगितला. उचलून दवाखान्यात नेलं होतं."

त्यांचं हसू गेलं. "फार दुखतं रे," म्हणाले. "दे."

तासाभराने त्यांचे गुडघे सरळ झाले.

पाचला सात-आठ जण आले. पुढे एक निवृत्त बँक अधिकारी, फोन उभा धरून. नानांनी डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "मला दुखतं. सहन होत नाही. आज गोळी घेतली. मी बघणारा-बिघणारा कुणी नाही."

बँकेच्या साहेबांनी फोन खाली ठेवून हात जोडले. "ज्ञानी असल्याचा अहंकारसुद्धा कसा सोडावा, बघा! नाना परीक्षा घेतायत आपली." सगळे सुटल्यासारखे हसले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी हतबल नजर मी आजवर पाहिली नव्हती.

माझा तोल गेला. "अहो, म्हाताऱ्या माणसाला दुखतंय! उठा इथून."

"आपण बाहेरगावचे दिसता," साहेब शांतपणे म्हणाले.

काकूंनी उठून दार उघडलं आणि धरून ठेवलं. "उद्यापासून कुणी येऊ नका." मंडळी चपला शोधत निघाली. जिन्यात त्यांची कुजबुज सुरू होती. यातही काही शिकवण असणार, असं कुणीतरी म्हणत होतं.

मी दोन दिवस राहिलो. काकू वेळेवर गोळी द्यायच्या, नाना झोपायचे. जागे झाले की जालन्याच्या उन्हाळ्याचं विचारायचे, माझ्या मुलींचं विचारायचे. अष्टावक्राचं नाव कुणीच काढलं नाही.

परतीच्या एसटीत नगरपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. ज्ञानी बघायला गेलो आणि माणूस बघून आलो, असलं काहीतरी वाक्य घोळवत होतो. तुम्हाला सांगायला ते बरं दिसलं असतं.

नवव्या दिवशी काकूंचा फोन आला. नाना दुपारी झोपेतच गेले. मला रडू आवरेना. काकूच माझी समजूत घालत होत्या. जरा शांत झालो आणि माझ्या तोंडून गेलं, "काकू, शेवटी काही म्हणाले का हो?"



"तूसुद्धा का रे, दिगंबर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.