मामांच्या सायकलचा क्लच

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते, बाकी सगळे त्यांना धारवाले म्हणतात. तीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली आणि रिटायर झाल्यावर सायकलला धारेचं चाक बसवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायला लागले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा आमच्या ह्यांनीच सायकलला बसवायचं छोटं पेट्रोल इंजिन आणून दिलं. दर रविवारी त्याला तेलपाणी केल्याशिवाय मामा चहासुद्धा घेत नसत.

मग एका आठवड्यात काय झालं कोण जाणे, इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि सायकल पुढे जाईना. सपाट रस्त्यावर रडतखडत जायची. दवाखान्याच्या चढावर मात्र आवाज आभाळाला भिडायचा आणि चाक ढिम्म. त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या म्हणजे मामांचं सगळ्यात मोठं काम. मंगळवारी ते सायकल ढकलत वर गेले आणि अर्ध्यात धाप लागून कठड्यावर बसले. तिथल्या वॉचमननं घरी फोन केला.

रात्री जेवताना हे म्हणाले, "बाबा, पुरे आता. शनिवारी पाच वाजता दूधवाला येतोय सायकल बघायला, पटली तर विकून टाकू."

"मला विचारलंस?"

"ती ढकलत वर नेताना तुम्ही मला विचारलं होतं?"

मामांनी पुन्हा वाढून घेतलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला ताप आला म्हणून ते चार दिवस घरात होते, तेवढ्यात त्यांनी माझ्या तिन्ही कात्र्यांना दोनदोनदा धार लावली होती. कायमचे घरी बसले तर हा माणूस करणार काय?

शुक्रवारी त्यांनी क्लचची केबल आवळली. इंजिन आणखीच बोंबलायला लागलं आणि चाक आणखीच ढिम्म. शनिवारी सकाळी वर्तमानपत्र अंथरून ते खाली बसले आणि इंजिनाच्या बाजूचं तळहाताएवढं झाकण खोललं.

"अरे देवा! इथे कुणी लोण्याचा गोळा ठेवला?"

मी शिवणाचं मशीन थांबवलं. आत सगळं ग्रीस माखलेलं. मधला चांदणीसारखा नट काढून मामांनी वरची थाळी उचलली. खाली गोल चकतीत बसवलेल्या छोट्या वड्या होत्या, त्याही तुळतुळीत.

"मामा, ते मी केलं."

"तू?"

"तुम्ही तापात होतात. रविवार चुकायला नको म्हणून झाकण काढून चार चमचे भरलं. माझं मशीन अडलं होतं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, फिरणारी वस्तू कोरडी ठेवायची नाही."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग हसायला लागले. "अगं, या वड्या त्या थाळीला घट्ट धरतात, तेव्हा इंजिनाची ताकद चाकाला मिळते. तू त्यांच्या हाताला तेल चोपडलंस. धरणार कशा? दातेरी चाकाला बोटभर ग्रीस चालतं, इथे थेंबसुद्धा नाही."

"आधी सांगायचं ना."

"चुकलं बाई. पुढच्या तापाच्या आधी सांगेन."

एकेक वडी काढून मी पेट्रोलनं धुतली, फडक्यानं पुसली. मामांनी त्या पॉलिश पेपरवर घासून खरखरीत केल्या. सगळं परत बसवून त्यांनी नट आवळला आणि तो फिरू नये म्हणून शेजारचा बारका स्क्रू लावला. केबल मात्र सैल केली.

"बाहीत हात हलायला जागा ठेवतेस ना, तेवढी ढील हिलाही लागते. मी काल ताणून ठेवली, तो माझा शहाणपणा."

ते कपडे बदलायला गेले तेवढ्यात मी देवापाशी उभी राहिले. मागायचीच लाज वाटत होती, कारण बिघाड माझाच. एवढंच म्हटलं, मी बिघडवलंय ते नीट होऊ दे.

गल्लीच्या टोकाला छोटा चढ आहे. हे हाताची घडी घालून दारात उभे. मामा अर्ध्यात पोचले आणि इंजिन पुन्हा बोंबललं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. मामा उतरून परत आले, झाकण काढलं, स्क्रू सोडवला.

"अजून अर्धा आटा," ते स्वतःशीच म्हणाले. नट तेवढाच आवळून स्क्रू, झाकण परत लावलं आणि पुन्हा निघाले. या वेळी आवाज चढला नाही, ओझं उचलल्यासारखा जड झाला. मामा चढ चढले, वळले आणि दिसेनासे झाले.

अर्धा तास झाला, एक तास झाला. हे दोनदा चपला घालून काढून बसले. तेवढ्यात फोन वाजला. नंबर वॉचमनचा. ह्यांचा चेहरा उतरला.

"बोला... काय झालं?... बरं... बरं." फोन ठेवून हे म्हणाले, "स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या काढून बसलेत म्हणे. यायला उशीर होईल, जेवायला थांबू नका."

पाच वाजता दूधवाला आला. "सायकल कुठाय?" म्हणाला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डोकं खाजवलं.

"कामावर गेलीय," हे म्हणाले.