खाटेचं माप

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खाटेवर आडवे झालेले. धुळ्यातल्या एका मोकळ्या प्लॉटवर, सकाळच्या उन्हात, हात छातीवर घेऊन, डोळे मिटून. चपला शेजारी नीट काढून ठेवलेल्या. मी भुसावळहून डिप्लोमाची मार्कशीट घेऊन नोकरी मागायला आलो होतो आणि इंजिनीअरसाहेब प्लॉटवर भेटतील असं ऑफिसात कळलं होतं. मला वाटलं, साहेब गेलेच. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "कोण रे भो तू? कोणता गावना?" मी भुसावळ म्हणालो. "बरं व्हयनं उना. चौथा माणूस कमी व्हता. उचल."

जमिनीवर चुन्याच्या फक्कीने अख्खी इमारत आखलेली होती. खाली दुकानं, मागे जिना, जिन्याला वळण. आम्ही चौघांनी त्या पांढऱ्या रेघांमधून नानांची खाट न्यायची होती. वळणावर माझा पाय रेघेवर पडला तसा नानांनी एक डोळा उघडला. "भुसावळ, तू भिंतमा घुसना." मग ते उठले, चपला घातल्या आणि जिन्याची रेघ पायाने पुसून एक फूट दुकानात सरकवली. माझी मार्कशीट त्यांनी पाहिलीच नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे कामाला लागलो आणि शेवटपर्यंत माझं नाव भुसावळच राहिलं.

नाना छोट्या व्यापारी इमारतींचे नकाशे करत. खाली दोन-चार दुकानं, वर गोदाम नाहीतर दवाखाना नाहीतर मालकाचं घर. नकाशा मी संगणकावर काढायचो, महापालिकेत मंजुरीला तोच जायचा. पण त्याआधी फक्की आणि खाट झाल्याशिवाय नाना सही करत नसत. नव्या वास्तूच्या जागेवर चौघांनी खाट फिरवायची म्हणजे लोकांच्या अंगावर काटा यायचा. एका टाइल्सवाल्याची आई तर पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. नाना तिला म्हणाले, "माय, मी झोपी राहिनू ना! अपशकुन व्हई ते माले व्हई. तुना पोऱ्याले काय?" म्हातारीने पदर खाली घेतला. टाइल्सवाला मात्र एका फुटासाठी हटून बसला. म्हणे, एक फूट म्हणजे नाना, माझं अख्खं कपाट जातं. नाना म्हणाले, "कपाट जाऊ दे. माय खाले येवाले जोयजे."

जिन्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "चढणारा सोताना पायवर चढस. उतरतांना मात्र कोणीतरी खांदावर ऱ्हास." दुकानांच्या इमारतीला जिना पाच फुटांचा हवा, हे नियमावलीत आहे. ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं आणि नकाशात सगळेच ते दाखवत. "कागदवर बठ्ठं मावस," कागदावर सगळंच मावतं, असं नाना म्हणायचे. टेप खिशात असूनही ते आधी वितीने मोजायचे. बोलता बोलता भिंतीवर पंजा ताणायचा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि पुढे सरकायचं.

आणखी एक खोड होती. इमारत पूर्ण झाली, दाखला मिळाला, की मालक हळूच बाजूच्या मोकळ्या जागेवर पत्रे टाकत, मागचं दार बुजवत, पार्किंगमध्ये रसवंती बसवत. आपण केलेल्या इमारतीचं असं झालेलं दिसलं की नाना त्या रस्त्याने जायचंच बंद करत. तक्रार नाही, भांडण नाही. हळूहळू धुळ्यातले इतके रस्ते त्यांना वर्ज्य झाले की एसटी स्टँडवर जायला आम्हाला तीन गल्ल्यांचा वळसा पडायचा. मी हसायचो. ते हसत नसत.

सरळ जाता येईल असा एक रस्ता शेवटपर्यंत राहिला, त्यांच्या स्वतःच्या इमारतीचा. बाजारामागच्या गल्लीत त्यांनी दोन मुलांसाठी ती बांधली होती. खाली थोरल्या राजूभाऊंचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आणि धाकट्या सुनीलचं चष्म्यांचं. वर दोघांचे संसार, अर्धे अर्धे, आणि मध्ये दोघांचा मिळून पाच फुटी जिना. बाजूची जागा मोकळी सोडलेली. लोक म्हणाले, नाना, तिसरं दुकान निघालं असतं की! जिना आखला तेव्हा खाटेवर नाना झोपले आणि खाटेचे दोन पाय त्यांच्या मुलांनी धरले होते. चौघं लग्नाच्या वरातीसारखे हसत खिदळत वळले होते.

नानांच्या पत्नी गेल्या आणि दोन वर्षांत घर फाटलं. सुरुवात झाली ती जिन्यावरूनच. राजूभाऊंच्या बल्बच्या खोक्यांची चळत पायऱ्यांवर चढू लागली. सुनीलची बायको म्हणाली, झाडायचं कसं? मग दिव्याचं बिल कोणी भरायचं, मग पायऱ्या कोणी धुवायच्या. शेवटी वाटणी झाली. आमच्याकडे वाटणी झाली की भिंत मधोमध जाते, मग मध्ये विहीर येवो की देव्हारा. इथे जिना आला. खालच्या पायरीपासून वरपर्यंत, वळणासकट, विटांची भिंत चढली. पाचाचे भिंतीची जाडी जाऊन सव्वादोन-सव्वादोन फूट उरले.

नाना तेव्हा राजूभाऊंच्या बाजूला वर राहत होते. अर्धांगाचा एक हलका झटका येऊन गेला होता. डावा हात नीट उचलत नव्हता, जीभ थोडी जड झाली होती. दुसरा झटका आला तर तासाभरात दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं. माझ्यासमोरही बजावलं होतं. गवंडी वळणावर विटा रचत असताना मी नानांना म्हणालो, "नाना, महापालिकेत एक अर्ज करा. नकाशा तुमचाच आहे. उद्या काम थांबेल."

नाना म्हणाले, "बापनी पोऱ्यासवर तक्रार कराना नियम कोणता पुस्तकमा शे? दखाड माले."

"पण तुम्हाला उतरवायचं कसं?"

"भिंत उनी, भांडण तं थांबनं ना! बस."

मला त्यांचा राग आला. परक्याच्या कपाटाचा एक फूट ज्यांनी सोडला नाही, त्यांनी आपला जिना बसल्या जागी सोडून दिला. तो राग अजूनही पुरता गेलेला नाही. त्यानंतर नाना खाली उतरलेच नाहीत. मी फायली घेऊन वर जायचो, भिंतीला खांदा घासत. ते सही करायचे, पण आधी विचारायचे, "खाट फिरावी का?" मी म्हणायचो, फिरवली.

दुसरा झटका मे महिन्यात भरदुपारी आला. राजूभाऊंच्या बायकोचा फोन आला तसा मी ऑफिसातून धावत गेलो. अॅम्ब्युलन्स बाजूच्या मोकळ्या जागेत अगदी जिन्याला टेकून उभी होती. स्ट्रेचर मात्र वर वळेना. उभं केलं, आडवं केलं, काही उपयोग नाही. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत नानांना चादरीने बांधलं. वरून राजूभाऊंनी धरलं, खालून मी. तिसऱ्या माणसाला शिरायला जागाच नव्हती. वळणावर खुर्चीचे पाय भिंतीत आणि कठड्यात अडकले. मागेही जाईना, पुढेही येईना. भिंतीपलीकडे सुनील वर-खाली पळत होता, भिंतीवर थापा मारत ओरडत होता, "भाऊ, इकडून द्या! नानाले इकडून द्या!" त्याची बाजूही तेवढीच अरुंद होती.

नाना शुद्धीत होते. तोंड एका बाजूला ओढलं होतं, शब्द फुटत नव्हता. त्यांचा उजवा हात चादरीतून सुटला आणि समोरच्या भिंतीवर टेकला. मला वाटलं, आधार शोधतायत. त्यांनी पंजा ताणला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि पुढे सरकवला. एक वीत, दुसरी वीत. मग हात खाली पडला.

खुर्चीचा एक पाय मोडून आम्ही त्यांना खाली आणलं. सिव्हिलच्या फाटकातून आत शिरताना ते गेले. आधी आणलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. नानांना परत वर नेलं नाही. तिसरं दुकान निघालं असतं त्या मोकळ्या जागेत तिरडी बांधली आणि तिथे दोन्ही मुलांना खांदा देता आला.

तेराव्यानंतर भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. राजूभाऊ नदीपलीकडे देवपूरला राहायला गेले. भिंत तशीच होती. त्या गल्लीने जायचं मीही सोडलं. मग परवाच्या हिवाळ्यात राजूभाऊंचा फोन आला. वरची जागा कोचिंग क्लासला द्यायची होती आणि नानांचं ऑफिस आता मीच चालवत असल्याने इमारत सुरक्षित असल्याची माझी सही हवी होती. सव्वादोन फुटांच्या जिन्यावरून दोन वेळा पन्नास-पन्नास पोरं. मी म्हणालो, "सही देतो. एक खाट आणा, आणि सुनीलला बोलवा."

"त्याले कसाले?"

"चौघं लागतात."

राजूभाऊंनी दुकानातला एक माणूस सुनीलकडे पाठवला. सुनील आला, पण भावाकडे न बघता. वर राजूभाऊंच्या खोलीत मी चपला काढल्या, नानांच्या अरुंद खाटेवर आडवा झालो, हात छातीवर घेतले. दोन भाऊ आणि दुकानातली दोन माणसं. जिन्याच्या तोंडाशीच दुकानातल्या दोघांना सोडून द्यावं लागलं, दोघं शेजारी मावेनात. पुढे सुनील, मागे राजूभाऊ असे चार पायऱ्या उतरले. वळणावर खाट अडकली. मी वर छताकडे बघत पडून राहिलो.

"आठेच ना? याच वळणवर?" सुनीलने विचारलं. "मी पल्याड व्हतू," मग तोच म्हणाला. "माले फक्त आवाज उना."

राजूभाऊंनी खाट पायरीवर टेकवली. मग धाकट्याला म्हणाले, "घण कोठे शे रे?"

संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून भिंत पाडली, गवंड्याला हात लावू दिला नाही. बापासाठी पाडली की भाड्यासाठी, हे मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं. सही केली आणि बाहेर पडलो. आता क्लासची पोरं त्या जिन्यावरून दंगा करत चार-चार जण एकदम उतरतात. पायऱ्यांवर मधोमध भिंतीच्या सिमेंटचा एक खरबरीत पट्टा राहिला आहे. तो घासून काढायचं राजूभाऊ म्हणत होते, पण अजून कोणी काढलेला नाही.