तीनवर थांबलेला काटा

तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे, आणि गंमत म्हणजे तिच्या मनगटावर घड्याळ कधीच नसायचं. तिचं घड्याळ असायचं पिवळ्या पेटीत. बशीएवढी तबकडी, तिला जोडलेल्या तीन रबरी नळ्या आणि छोटे पितळी नळ. ही पेटी खांद्याला लावून बाई शहरातली तळघरं पालथी घालायची. इमारतीच्या पुढच्या दाराने आत शिरलेलं तिला कुणी फारसं पाहिलेलं नाही.

तिचं काम काय, हे तिच्या सासरच्यांनाही पाच वर्षं कळलं नव्हतं, तेव्हा आपण आधी ते समजून घेऊ. मोठ्या इमारतीत छताला आगीचे फवारे असतात. त्या फवाऱ्यांच्या नळात पाणी वर्षानुवर्षं नुसतं उभं असतं. काळं, गंजकं, नाक धरायला लावणारं. येतं मात्र ते पिण्याच्या पाण्याच्याच मोठ्या नळातून, आणि तिकडचा दाब कमी झाला की आल्या वाटेने परत जायला बघतं. ते परत जाऊन लोकांच्या पेल्यात पडू नये म्हणून मध्ये एक लोखंडी धूड बसवतात. त्याला कामातली माणसं ‘बॅकफ्लो’ म्हणतात. आत एकामागे एक दोन झडपा, प्रत्येक झडपेला रबराची चकती आणि ती दाबून धरणारी स्प्रिंग. पाणी पुढे जाऊ द्यायचं, मागे फिरकू द्यायचं नाही, एवढंच ह्या धुडाचं काम. वर्षातून एकदा बाईने यायचं, नळ्या लावायच्या, काटा बघायचा. काटा एकच्या वर थांबला की पास. खाली घसरला की झडप उघडायची, आतलं सामान बदलायचं, पुन्हा काटा बघायचा, चिठ्ठीवर सही करून ती तिथे लटकवायची.

असल्या कामाचा कंटाळा येत नाही का, असं तिला नणंदेने एकदा विचारलं होतं. बाई म्हणाली, “अगं, दर वेळी आत काय असेल ते माहीत नसतं!” खरंच, तिचा स्वभावच तसा. लहानपणी तिने घरातलं एकही कुलूप धड ठेवलं नव्हतं. तिचे वडील प्लंबर. ते ओरडत नसत. म्हणत, “खुशाल उघड, पण परत बसवल्याशिवाय जेवायला मिळणार नाही.” पोर कितीदा तरी उशिरा जेवली, पण उपाशी एकदाही झोपली नाही. आता पन्नाशी उलटली तरी काढलेला एकही जुना भाग ती फेकत नसे. रबर, स्प्रिंग, स्क्रू, सगळं बिस्किटांच्या डब्यात, वर इमारतीचं नाव आणि तारीख. असे साठ-सत्तर डबे पलंगाखाली. नवरा पाहुण्यांना सांगायचा, “आम्ही भंगाराच्या दुकानावर झोपतो.”

तर आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी दवाखान्यातल्या बॅकफ्लोचं रबर गेलं. दवाखाना मोठा, तीन मजली. तिसऱ्या मजल्यावर दीर्घ आजाराचे, अंथरुणातून उठताच न येणारे लोक. बॅकफ्लोच्याच कंपनीचं किट, म्हणजे आतल्या रबर-स्प्रिंगांचा अख्खा संच, मागवायचं तर सहा आठवडे थांबा. बाईच्या दिराचं झडपा आणि पंपांच्या भागांचं दुकान होतं. तो म्हणाला, “वहिनी, बाजारातलं किट घ्या की! सेम टू सेम.” डुप्लिकेट नव्हे हं, कोणाचं नाव चोरलेलं नाही. दुसऱ्या एका कारखान्याने मापं घेऊन बनवलेलं, स्वतःच्या नावाने विकलेलं. बाईने माप बघितलं. तंतोतंत. बसवलं. आणि काटा? कंपनीच्या नव्याकोऱ्या किटलासुद्धा जो दीडच्या पुढे जात नसे, तो टेचात तीनवर जाऊन थांबला. बाई इतकी खूश झाली की पुढच्या वर्षभरात आणखी अकरा ठिकाणी तिने तेच किट बसवलं आणि भेटेल त्याला सांगितलं, “कंपनीच्या थोबाडीत मारेल असा माल आहे!”

दवाखान्यात ते किट बसवलं त्याच दिवशी ती तिसऱ्या मजल्यावर फवारे मोजायला गेली होती. खिडकीजवळच्या पलंगावर एक शिंपीकाका होते. पाठीचा कणा गेलेला, मानेखाली काही हलत नाही, पण जीभ कात्रीसारखी चालायची. दिवसभर छताकडे बघण्यावाचून माणसाने करावं काय? त्यांनी डोक्यावरच्या पितळी फवाऱ्याकडे डोळ्यांनी खूण केली.

“काय गं, ह्यातून खरंच पाणी येतं?”

“हो काका.”

“तू बघितलंयस?”

“हो, हो,” म्हणत बाई जिना उतरलीसुद्धा.

यंदा ती पुन्हा दवाखान्याच्या तळघरात उतरली. नळ्या लावल्या. काटा तीन. पहिली झडप तीन, दुसरी झडप तीन. बरोबर आलेल्या दवाखान्याच्या सुपरवायझरने चिठ्ठी पुढे केली, “करा सही, आटपलं.” बाईने पेन उघडलं आणि तशीच थांबली. वर्षभरात रबर दबतं, काटा जरा तरी उतरतो. हा हलायचं नावच घेत नव्हता.

“काय झालं? पास आहे ना?”

“पास आहे हो. पण इतकं छान कसं?”

सुपरवायझरने कपाळाला हात लावला. नापास झालं म्हणून कुरकुरणारे त्याने पाहिले होते. फार चांगलं पास झालं म्हणून तोंड वाकडं करणारी ही पहिलीच. बाई “सही उद्या” म्हणाली आणि फवारे मोजायला वर गेली. शिंपीकाका वाटच बघत होते.

“आलीस? सांग, ह्यातून पाणी येतं का?”

ह्या वेळी तिच्याकडून पटकन ‘हो’ निघेना. तिने झडप बंद होते का हे हजारदा बघितलं होतं. उघडते का, हे कधी बघितलं होतं? ती म्हणाली, “उद्या सांगते काका.” ती दाराबाहेर पडेपर्यंत काका तिच्याकडेच बघत राहिले.

घरी येऊन तिने पलंगाखालून दवाखान्याचा डबा ओढला. त्यात गेल्या वर्षी काढलेली कंपनीची स्प्रिंग होती. बाजारातल्या किटची एक नवी स्प्रिंग तिच्या पिशवीत होतीच. स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर मांडला. जुनी स्प्रिंग त्यावर उभी धरून ती बोटाच्या पेराएवढी दबेपर्यंत दाबली आणि आकडा बघितला. मग नवी दाबली. दुप्पट! पुन्हा दाबली. पुन्हा दुप्पट.

“पीठ मळायचंय का स्प्रिंगांचं?” नवऱ्याने दारातून विचारलं.

“थांबा हो! जुनी स्प्रिंग म्हातारी होऊन ढिली पडली असेल, तर दोष नवीचा नाही. कंपनीची कोरी स्प्रिंग बघायला हवी.” आणि ती चपला घालून, वजनकाटा काखोटीला मारून दिराच्या दुकानात.

यंदा दुकानात कंपनीचं किट आलेलं होतं. दिराने खोकं फोडून दिलं. कंपनीची कोरी स्प्रिंग तेवढीच दाबल्यावर आकडा जुनीपेक्षा जेमतेम चार तोळ्यांनी जास्त आला. म्हणजे म्हातारपणाचा काही संबंध नाही. बाजारातली मुळातच ताठ. बाईने बाजारातल्या किटच्या खोक्यातला कागद पहिल्यांदाच पहिल्या ओळीपासून वाचला. झडपेचं माप होतं. ‘बागेच्या व इमारतीच्या पाण्यासाठी’ असं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त आगीचं नाव कुठेच नव्हतं.

“भावजी, स्प्रिंग ताठ असली की झडप घट्ट मिटते. म्हणून माझा काटा तीन. पण आग लागली, फवारे फुटले, तर पाण्याला ह्या ताठ झडपा ढकलून वर जायचंय. तेही तिसऱ्या मजल्यावर.”

दिराचा चेहरा उतरला. “वहिनी, तीस किटं गेलीत माझ्याकडून. आजवर एकाचीही तक्रार नाही.”

“आग लागल्याशिवाय तक्रार येणार कुठून?”

दीर उठला. मग त्याने शेल्फावरची उरलेली किटं काढली, त्यांवर पेनने ‘फवाऱ्यांना नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि विकत घेणाऱ्यांची यादी शोधायला बसला. माणूस धंदेवाईक होता, पण निगरगट्ट नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईने सुपरवायझरला सांगितलं की अंगणातलं फवाऱ्यांच्या नळाचं मोठं तोंड उघडून पाणी जोरात सोडायचं, आग लागल्यावर सुटेल तसं. तो उडालाच. “अंगणाचं तळं होईल! आणि कागदावर पास असताना?”

“कागदावर सही माझी आहे. तीच मला पटत नाहीये.”

तो कुरकुरत अंगणात गेला. गाड्या हलवल्या, तोंड उघडलं. पाणी सुटलं आणि सायकलींच्या स्टँडपर्यंत जाऊन दमलं. बाई तळघरात धावली. बॅकफ्लोच्या दोन्ही बाजूंना नळाचा दाब दाखवणारे काटे होते. अलीकडचा थोडा खाली आला होता. पलीकडचा मात्र धाडकन कोसळला होता. बाई दोन्ही काट्यांकडे बघत उभी राहिली. वर्षभर ते सगळे लोक तिच्या सहीखाली झोपले होते. खूप लाज वाटली तिला, आणि त्याहून जास्त भीती.

पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हे. फवाऱ्यांचं पाणी बंद केलं. तेवढा वेळ प्रत्येक मजल्यावर एकेक माणूस लक्ष ठेवायला उभा केला. झडपा उघडल्या, कंपनीचं किट बसवलं. काटा दीड. साधासुधा, कुणाला कौतुकाने सांगण्याजोगा नसलेला दीड. मग पुन्हा अंगणातलं तोंड उघडलं. पाणी सायकल स्टँड ओलांडून, कुंपणावर आदळून उसळलं, आणि पहारेकरी छत्री शोधत पळाला. पलीकडचा काटा जागेवर टिकून होता. बाई लहान पोरीसारखी टाळ्या वाजवायला लागली.

मग तिने गेल्या वर्षीची चिठ्ठी काढली आणि स्वतःच्या सहीवर आडवं ‘नापास’ लिहिलं. सुपरवायझर हळूच म्हणाला, “बाई, हे वरपर्यंत जाईल. पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावतील की नाही, सांगता येत नाही.” ती म्हणाली, “जाऊ दे वर. पाणी गेलं तसं तेही जाऊ दे.”

बूट पचपच वाजवत ती तिसऱ्या मजल्यावर गेली. काकांच्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसली.

“येतं पाणी, काका. आत्ता डोळ्यांनी बघितलं. गेल्या वर्षी मी बघितलं नव्हतं. खोटं बोलले. आणि तेव्हा लागली असती आग, तर बहुतेक पुरेसं आलंही नसतं.”

काकांनी डोळे फवाऱ्याकडे वळवले. बाईला वाटलं, आता शिव्या घालतील, आणि घालाव्यातच.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“कसं?”

“तू ‘हो’ फार पटकन म्हणालीस. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना ‘उद्या नक्की देतो’ म्हणताना मी तसंच म्हणायचो. वर्षभर घाबरत होतो गं. मला पळता येत नाही. कुणाला विचारावं, तर सगळे म्हणायचे, पास आहे काका, चिठ्ठी लावलीय. अगं, टेबलावर कुठलाही कोट झकास दिसतो. अंगात घालून हात वर करायला लावायचा, मग कळतं. ट्रायल घेतलीस ना आज?”

“घेतली.”

“झालं तर मग.” त्यांनी डोळे मिटले. बाई अजून बसूनच आहे हे त्यांना डोळे मिटूनही कळलं असावं. “असं आणखी किती ठिकाणी बसवलंयस ते?”

“अकरा.”

“अकरा!” काकांनी खाडकन डोळे उघडले. “मग इथे काय बसलीस? तिथेही कुणीतरी छताकडे बघत पडलं असेल. ऊठ!”

बाईने पिवळी पेटी खांद्याला लावली आणि पळतच जिना उतरली.