येथे मराठी बोलतात

कुंभकोणमला आमचं पितळी समयांचं दुकान आहे. मी आणि बायको मिळून चालवतो. गिऱ्हाइकाशी तमिळ बोलायचं आणि आपसांत घरची मराठी. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले, तेव्हाची ती मराठी. घासाघीस सुरू झाली की किती सोडायचं ते आम्ही गिऱ्हाइकासमोरच ठरवायचो. गल्लीत कुणाला कळत नसे. धंद्याला एवढा आडोसा पुरतो, असं आम्हाला वाटे.

मग समोर मोठं वातानुकूलित दुकान उघडलं. ते घाऊक माल उचलत, त्यामुळे त्यांचा विक्रीचा भाव जवळजवळ आमच्या खरेदीइतका. भाव पाडून आपला निभाव लागणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं. दुसरं काय करावं, ते मात्र सुचत नव्हतं.

एका दुपारी जवळच्या तिरुनागेश्वरम्‌च्या देवळातलं दर्शन आटोपून चार बायका दुकानात शिरल्या. त्यांतल्या थोरल्या बाईंनी एका समईकडे बोट दाखवून खुणेनंच भाव विचारला. मी आकडा लिहून दाखवला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी थोडा उतरणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "मोल उतरवूं नका. बाईंच्या मनांत भरली आहे, घेतील त्या."

बाई शांतपणे म्हणाल्या, "भरली आहे खरी. पण थोडं मोल उतरवा की."

बायकोला कुठं पाहावं कळेना. शेवटी बाईच हसल्या. साताऱ्याहून आल्या होत्या. आमचं बोलणं जुन्या पोथीसारखं वाटतं म्हणाल्या आणि चांगल्या तासभर रमल्या. समई सुटी कशी करायची, चिंचेनं कशी घासायची, बायकोनं सगळं सांगितलं. चौघींनीही समया घेतल्या. आधी समोरच्या दुकानात गेल्या होत्या, पण तिथं काही विचारताच येईना म्हणे.

दुकान आवरताना बायको म्हणाली, "दारावर पाटी लावूं. येथे मराठी बोलतात."

"आपली मराठी ऐकून लोक हसतील."

"हसूं देत. आंत तर येतील."

पाटी लागली आणि आमचं गुपचूप ठरवणं संपलं. मग प्रत्येक समईवर किंमत चिकटवली, सगळ्यांना एकच. घासाघिशीची सवय असलेली काही गावातली गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा मला धाकधूक वाटली. पण यात्रेच्या गाड्या दाराशी थांबू लागल्या. छोटे दिवे समोर स्वस्तात मिळत, ते आम्ही ठेवायचेच सोडले. सुटे भाग करून सामानात बसतील अशा मोठ्या समयाच ठेवल्या.

समोरच्यांनीही मराठी पाटी लावली. एकदा त्यांचे मालक एका नाशिकच्या कुटुंबाला घेऊन आमच्याकडे आले. "यांना काय हवंय, जरा विचारता का?" तमिळमध्ये म्हणाले. बायकोनं विचारलं. त्यांना छोटे दिवे हवे होते. तिनं त्यांना सरळ परत समोर धाडलं.

तेव्हापासून ते मालक अधूनमधून दुपारची कॉफी प्यायला येऊन बसतात. धंद्याचं आम्ही कुणीच बोलत नाही.