रेवाचा रोल

रेवाला किंचाळायचं असलं की ती गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसायची. काचा वर, इंजिन बंद, मांडीवर टॅबलेट. ती आमच्याकडे राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या अमेरिकन आजीबाई दारात आल्या आणि घरात सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारू लागल्या. मी धावत गॅरेजमध्ये गेलो. रेवा स्टिअरिंग घट्ट धरून, माझ्या मैत्रिणींना हात लावू नकोस, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत जिवाच्या आकांताने ओरडत होती. मला पाहून तिने काच खाली केली आणि शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही जेवून घ्या. मला अजून दोनदा मरायचंय."

रेवा माझा कॉलेजातला मित्र शिरीष याची मुलगी. जन्माने, वाढीने अमेरिकेतलीच, एडिसनची. तिने फार्मसी करावी अशी शिरीषची इच्छा होती. ते शिक्षण अर्ध्यावर सोडून ती इकडे टेक्सासात, प्लेनोला आली, कारण जपानी कार्टूनना इंग्रजी आवाज देण्याचं काम या भागात मिळतं. कार्टून म्हटलेलं तिला चालायचं नाही. "ॲनिमे, काका. कार्टूनमध्ये कुणी मनापासून रडत नाही." शिरीषने मला फोनवर सांगितलं होतं, "वरची खोली रिकामीच आहे ना तुझी? सहा महिने ठेवून घे. खूळ उतरेल." सहा महिन्यांची चार वर्षं झाली. दिवसा ती जनावरांच्या एका दवाखान्यात फोन घ्यायची आणि बोलावणं आलं की स्टुडिओत जायची.

चित्रं जपानमध्ये आधीच काढून झालेली असतात. पडद्यावरच्या पात्राचं तोंड जेवढा वेळ हलेल तेवढ्यातच आपलं इंग्रजी वाक्य बसवायचं. रेवाचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तोंड मिटलं की बोलणं संपलं, काका. मग तुमच्याकडे कितीही ज्ञान असू दे." हा नियम ती मला जेवणाच्या टेबलाशीही लावायची. घरून काम करताना मी काचेच्या दाराआड मीटिंगमध्ये बोलत असलो की ती बाहेर उभी राहून माझ्या बायकोसाठी, नीलिमासाठी, माझा आवाज काढायची. "मी काय बोलतोय ते मलाच कळत नाहीये, पण पुढची स्लाइड सुंदर आहे." नीलिमा हसून हसून खाली बसायची. आत मला दोघींचे फक्त हलणारे खांदे दिसायचे.

एवढं असून तिला कामं मिळायची ती गर्दीतली. तिसरी गावकरीण, भाजीवाली, आजारी मांजर. मांजराबद्दल शिरीषने विचारलं होतं, "याचे पैसे देतात?" ती म्हणाली, "बाबा, मांजराला डायलॉग नव्हता, पण फीलिंग होतं."

आणि मग तिला मुख्य भूमिका मिळाली. स्वयंपाकघरात तिने आम्हा दोघांना कुजबुजत सांगितलं. नायिका चौदा वर्षांची, गणितात कच्ची, सायकलवरून शाळेत जाणारी. संकट आलं की ती सायकलची घंटी वाजवते, भोवती पाकळ्या उडतात, गणवेशाचा झगमगीत पोशाख होतो आणि ती गाव वाचवते. मी विचारलं, "एवढी शक्ती आहे, तर गणित का नाही करत?"

"तिला वेळ कुठे आहे, काका? गाव सारखं संकटात."

मग ती गंभीर झाली. "कुणाला सांगायचं नाही हां. मी तसं साइन करून दिलंय. ते अनाउन्स करेपर्यंत आई-बाबांनापण नाही. बाबांना तर नाहीच."

मी सांगितलं नाही. बरेच दिवस नाही. पुढे एका रविवारी शिरीषचा फोन आला. त्याने तिचं विमानाचं तिकीट काढायचं ठरवलं होतं. "तुझ्याकडे ठेवली ती चूक झाली," तो म्हणाला. "तिशी आली तिची. अजून म्याऊ म्याऊ करतेय. मी येऊन घेऊन जातो." मला तिची बाजू घ्यायची होती, खरंच तेवढंच होतं मनात. मी म्हणालो, "अरे, तिला हिरोइनचा रोल मिळालाय." सिरियलचं नावही सांगितलं. शिरीषने ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मी घाईने म्हणालो, "पण कुणाला सांगू नकोस."

"छे, कुणाला सांगतोय," शिरीष म्हणाला.

त्याने फक्त घरच्या ग्रुपवर टाकलं. आपल्यात घरच्यांना सांगणं म्हणजे सांगणं धरतच नाहीत. मीही धरलं नसतं. कुणा मामेभावाने ते तिथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दिलं आणि मंडळातल्या कुणीतरी रेवाचा फोटो, सिरियलचं नाव आणि "मराठी पाऊल पडते पुढे" असं लिहून फेसबुकवर लावलं. रेवाने ते काढायला लावलं. त्याच आठवड्यात स्टुडिओतून निरोप आला की रोल दुसऱ्या मुलीला दिलाय.

मी तिला सगळं सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती.

"त्याच्यामुळेच काढलं का तुला?" मी विचारलं.

"ते कारण देत नाहीत, काका."

"मी स्टुडिओला फोन करतो. चूक माझी आहे म्हणून सांगतो."

"नको. प्लीज, तुम्ही आता काहीच करू नका."

"माझ्यावर रागाव तरी."

"रागावलेच आहे. पण नक्की कुणावर ते कळत नाहीये." मग तिने फोन काढून शिरीषचा तो ग्रुपवरचा मेसेज मला दाखवला. इंग्रजी अक्षरांत मराठी होतं. आमची रेवा पहिल्यापासूनच कलाकार, आम्हालाच ओळखायला उशीर झाला. खाली मावश्या, काकवांचे हात जोडलेले, फुलं. "बाबांनी हे लिहिलंय," ती म्हणाली. "ह्याच्यामुळे रोल गेला हे त्यांना कळलं, तर ते पुन्हा कध्धी काही लिहिणार नाहीत. म्हणून तुम्ही त्यांना सांगायचं नाही. या वेळी खरंच नाही."

तिने मला माफ केलं की शिक्षा दिली, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या वसंतात ती लॉस एंजेलिसला गेली. तिथेही गर्दीतले आवाज करते. वरची खोली आम्ही कुणाला दिली नाही. ती सिरियल मी पूर्ण पाहिली. त्या दुसऱ्या मुलीचं काम चांगलं आहे, आणि ते चांगलं वाटतं याचंही मला वाईट वाटतं.

शिरीष अधूनमधून फोन करतो. आता तो कार्टून म्हणत नाही, ॲनिमे म्हणतो. परवा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "एक सांग, तो हातात आलेला रोल गेला कसा रे? तुझ्याशी तर ती सगळं बोलायची."

"माहीत नाही," मी म्हणालो.

"नशीब म्हणायचं," तो म्हणाला. मी हो म्हणालो.